ग्रँट पेनबर्थीचा शेवटचा कॉल

१

टेस पेनबर्थी नवऱ्याचा आवाज ऐकायला आली होती. अंगात काळा कोट, मुठीत घट्ट धरलेले हातमोजे, शेजारी वकील. सिस्को बेच्या आपत्कालीन केंद्रातल्या छोट्या खोलीत टेबलाच्या मधोमध स्पीकर मांडला होता. समोर केंद्राचा प्रमुख वेन कारव्होनेन बसला होता आणि की-बोर्डवर काउंटीचा कॉम्प्युटरवाला, एमेट डुशार्म.

"लाव," वेन म्हणाला.

एमेटनं जानेवारी महिना उघडला. पडदा कोरा. ग्रँटचा कॉल तर नव्हताच, पण त्या महिन्यात कुणी छातीत कळ आली म्हणून, कुणी चुलीचा धूर कोंडला म्हणून केलेला एकही कॉल तिथं नव्हता. जुने महिने टेपवर सुखरूप होते, कारण दर महिनाअखेरीला टेपवर प्रत निघायची. जानेवारीची प्रत निघायच्या आधीच जानेवारी नाहीसा झाला होता.

मी तिथं नव्हते. पण तो प्रसंग मला इतक्या जणांनी सांगितलाय, की टेसच्या हातातला हातमोजा खाली पडल्याचा आवाजही मी ऐकलाय असं वाटतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "तेवढंसुद्धा ठेवलं नाहीत?"

ग्रँट पेनबर्थी गोठलेल्या खाडीवरून स्नोमोबिलनं घरी येत होता. भर दुपारी बर्फाचं वादळ उठलं, चारी दिशा पांढऱ्या झाल्या आणि त्याच्याखालचा बर्फ फुटला. कसाबसा अर्धा बाहेर येऊन त्यानं मदतीसाठी फोन केला. फोन घेतला केंद्रातल्या डिस्पॅचरनं, मार्लिस सालोनं. तिनं बचाव पथक खाडीवरच्या दोन दीपस्तंभांपैकी उत्तर दिव्याकडे पाठवलं. ग्रँट सापडला दक्षिण दिव्यापाशी. तोवर उशीर झाला होता.

मार्लिसचं म्हणणं, तो उत्तर दिवाच म्हणाला. टेसचं म्हणणं, जन्म या खाडीवर काढलेला माणूस उत्तर-दक्षिण चुकणार नाही, ऐकणारीच चुकली. तिकडे फोनचा मनोरा एकच, त्यामुळे त्याच्यावरून अर्धी खाडी एवढाच ठावठिकाणा कळतो. खरं काय ते त्या ध्वनिमुद्रणातच होतं.

मी आर्डिस कोस्केला, शेजारच्या काउंटीच्या सरकारी वकिलांकडे तपासनीस. घरचं भांडण घरच्यानं सोडवू नये म्हणून मला बोलावलं. पोचले तेव्हा वेन दारातच उभा होता.

"फार खणावं लागणार नाही तुला," तो म्हणाला. "कॉल मुद्रित करणारा रेकॉर्डर ज्या दिवशी बंद पडला ना, त्याच्या आदल्या दिवशी मार्लिसच्या कार्डानं मागचं दार उघडलंय. आणि त्या दिवशी तिला सुट्टी होती."

२

मार्लिसच्या स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास दरवळत होता. निलंबित बाई दुसरं काय करणार, पाव भाजत होती. निसूचा, म्हणजे वेलदोडे घातलेल्या गोड फिनिश पावाचा, ताजा तुकडा तिनं माझ्यापुढे सरकवला, कॉफी ओतली आणि स्वतः उभीच राहिली.

"बस की," मी म्हटलं.

"बसले की विचार येतात."

"त्या दिवशी केंद्रात का गेली होतीस?"

"हातमोजे विसरले होते."

"सापडले?"

"नाही." तिनं माझ्याकडे न बघता ओटा पुसला. स्वच्छच होता तो.

मार्लिसला मी बरीच वर्षं ओळखते. चर्चच्या जेवणावळीत तिनं कधी कुणाला वाढताना चुकून दोनदा वाढलं नाही, इतकी नेटकी बाई. खोटं बोलायची सवय नसल्यानं तिला खोटं नीट बोलताही येत नव्हतं.

"कॉलबद्दल सांग."

"किती वेळा सांगू? तो म्हणाला, उत्तर दिवा. मी विचारलं, उत्तर का दक्षिण? तो म्हणाला, उत्तर. त्याचे दात वाजत होते, पण शब्द स्पष्ट होता. मी पथकाला तेच सांगितलं. मग ते पोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहिले. मग तो बोलायचा थांबला." ओटा पुसणारा हात थांबला. "वेनला वाटतं मी पुसलं. तुलाही वाटतं?"

"ते सापडलं असतं तर तुझा फायदा झाला असता की तोटा?"

"आर्डिस, त्या आवाजाशिवाय माझ्याकडे आहे काय?"

हे उत्तर मला पटलं. पण पटणं हा पुरावा नव्हे. तिला खात्री नसेल तर? तिनं घरी येऊन रात्रभर आठवून बघितलं असेल आणि तिला ‘दक्षिण’ ऐकू आलं असेल तर?

मी कोट चढवला. दारापर्यंत पोचवायला आलेली मार्लिस उंबऱ्यात घुटमळली आणि हळूच म्हणाली,

"एमेट कसा आहे? जेवतो ना नीट?"

मी गाडीत येऊन बसले आणि किल्ली तशीच हातात धरून राहिले. नोकरी टांगणीला लागली, गावानं तोंड फिरवलं, खुनी म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं, आणि या बाईला काळजी कुणाची? कॉम्प्युटरवाल्याच्या जेवणाची!

३

"एमेट आणि मार्लिस?" वेन हसला. त्याच्या टेबलावर अर्धी खाल्लेली पास्टी होती, मांस-बटाट्याचं सारण भरलेली मोठी भाजकी करंजी, केचपमध्ये बुडवलेली. "प्रेमबिम नाही गं. एमेटची आई गेली तेव्हा मार्लिसनं त्याला हिवाळाभर डबे दिले. तेव्हापासून तो तिच्या घरची गळका नळ, अडलेला दरवाजा, सगळं बघतो. बहीण-भावासारखं आहे त्यांचं."

"पास्टीवर केचप घालणाऱ्या माणसाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा?"

"तुमच्या काउंटीत काय, रस्सा ओतता?" तो गुरगुरला. मग चेहरा गंभीर केला. "बाकी काय विचारायचंय ते विचारून घे. मला ठाऊक आहे तू माझ्याकडेही त्याच नजरेनं बघतेयस."

बघतच होते. तो आवाज नाहीसा होण्यात मार्लिसइतकाच वेनचाही फायदा होता. केंद्राची चूक सिद्ध झाली असती तर टेसच्या वकिलानं काउंटीला सोललं असतं आणि वेनची खुर्ची गेली असती.

"ध्वनिमुद्रणाच्या सर्व्हरवर कुणाकुणाला जाता येतं?"

"डिस्पॅचरना नुसतं ऐकता येतं, पुसता येत नाही. पूर्ण अधिकाराचा पासवर्ड एमेटकडे. आणि एक पाकिटात, माझ्या तिजोरीत, मोहोरबंद. एमेट ट्रकखाली आला तर म्हणून."

"म्हणजे मार्लिस पुसूच शकत नव्हती."

"एमेटनं पासवर्ड दिला असेल तर शकत होती," तो लगेच म्हणाला.

"पाकीट दाखव."

त्यानं तिजोरी उघडली आणि पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते उलटं केलं. मोहोर फुटलेली होती.

वेनचा चेहरा पास्टीच्या पिठासारखा झाला.

"हे मी फोडलंय," तो म्हणाला, "पण तुला वाटतंय तेव्हा नाही."

"मग केव्हा?"

"पानगळीत. वीज कंपनीनं दिवसभर पुरवठा तोडून चाचणी घेतली. एमेट हरणाच्या शिकारीला गेलेला, फोन लागेना. जोडीचा जो दुसरा सर्व्हर आहे, राखीव, तो मी बंद केला आणि वीज आल्यावर परत चालू केला. हिरवे दिवे लागले, मी खूश झालो. नवं पाकीट करायचं राहून गेलं. बस्स, एवढंच."

एवढंच. या प्रकरणात हा शब्द मी पुढे आणखी एकदा ऐकणार होते.

४

ही सगळी यंत्रणा मुळात उभी केली होती ग्रीन बेच्या जोरी विटकॉम्बनं. कंत्राट संपल्यावर तिचा प्रवेश बंद केलेला होता, त्यामुळे संशयितांत तिला धरायचं कारण नव्हतं. मी तिला बोलावून घेतलं. उंच, चटपटीत बाई, बुटांवरचा बर्फ झटकत थेट यंत्रांच्या खोलीत शिरली.

"मला लहान मुलीसारखं समजाव," मी म्हटलं.

"सोपं आहे. हे दोन सर्व्हर. एक काम करतो, दुसरा राखीव. पहिला पडला तर दुसरा लगेच उभा राहतो, कारण इथं कॉल थांबून चालत नाही. दोघांची डिस्क मात्र सामाईक, ती या पेटीत. आणि प्रत्येक सर्व्हरपासून पेटीपर्यंत दोन केबल, वेगवेगळ्या वाटांनी. एक वाट तुटली तरी दुसरी आहेच. याला म्हणतात मल्टिपाथ."

"दोन वाटा, डिस्क एक."

"बरोब्बर. आणि सर्व्हरला हे समजावून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो. बाबा रे, तुला दोन वाटा दिसतायत, पण त्या एकाच घरी जातात. तेवढंच त्याचं काम."

मग तिनं मला आणखी एक गोष्ट दाखवली. जानेवारीतल्याच आधीच्या एका हिमवादळात, ग्रँट बुडाला त्याच्या अगोदर, पहिल्या सर्व्हरचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला होता. राखीव सर्व्हर आपसूक उभा राहिला होता. तेव्हापासून सगळे कॉल त्याच्यावरूनच मुद्रित होत होते. पहिल्याचा सुटा भाग यायचा होता. कुणाला काही जाणवलंही नव्हतं, आणि व्यवस्था तशी जाणवू नये म्हणूनच केलेली असते.

जोरी बराच वेळ टकटक करत बसली. मी शेजारी खुर्चीवर. अखेर ती म्हणाली, "चोख आहे. दोन वाटा, एक डिस्क. मल्टिपाथ चालू. डिस्क मात्र नव्यानं आखलेली, म्हणजे फॉरमॅट केलेली आहे. जुने कप्पे मोकळे करून कोरी करकरीत. यातून आवाज परत आणणं... मी प्रयोगशाळेत पाठवते, पण आशा ठेवू नका." मग पडद्याजवळ वाकली. "गंमत आहे. आखताना कुणीतरी डिस्कला नाव दिलंय."

"काय नाव?"

"‘जपून’."

मला ती गंमत वाटली नाही. पुरावा जाळणारा माणूस राखेच्या डबीवर ‘जपून’ अशी चिठ्ठी लावत नाही.

"अजून एक आहे," जोरी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मल्टिपाथ चालू आहे म्हणाले ना मी? राखीव सर्व्हरच्या नोंदीत ते केव्हा चालू झालं तेही दिसतंय. रेकॉर्डर बंद पडला त्याच दिवशी. त्याच्या आधी, पानगळीत सर्व्हर बंद-चालू झाला तिथपासून, ते बंदच होतं."

"का?"

ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. "सर्व्हर पुन्हा सुरू झाला की हा प्रोग्रामही आपोआप सुरू व्हावा, म्हणून एक खूण करून ठेवावी लागते. पहिल्यावर मी केली होती. दुसऱ्यावर... राहिली. त्या दिवशी मुलीला ताप होता, मला घरी पळायचं होतं. एक ओळ लिहायची राहिली. एवढंच."

५

मी यंत्रखोलीतून बाहेर आले आणि मागच्या पायरीवर उभी राहिले. थंडीनं नाकातले केस कडक झाले. एक प्रश्न डोक्यातून जाईना.

मल्टिपाथ बंद आहे हे वेनला माहीत नव्हतं. जोरीला माहीत नव्हतं. कुणीही तक्रार केलेली नव्हती. मग जे बिघडलंय हे कुणालाच ठाऊक नाही, ते नेमकं त्या दिवशी दुरुस्त कुणी केलं? आणि त्याला कळलं कशावरून?

मी परत आत गेले.

"जोरी, ते बंद असताना काय होतं? काम अडतं?"

"छे. सगळं सुरळीत चालतं. म्हणून तर कळत नाही."

"मग सर्व्हरला काय दिसतं?"

"दोन वाटा दिसतात, पण त्या एकाच घरी जातात हे सांगणारं कुणी नसतं. मग त्याला वाटतं, दोन..." ती बोलता बोलता थांबली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"दोन घरं आहेत," मी म्हटलं.

"दोन डिस्क. अगदी सारख्या मापाच्या. एक वापरातली आणि दुसरी... रिकामी, बिनवापराची दिसणार. अरे देवा!"

आता सगळं एका दोरीत ओवलं गेलं. कुणीतरी राखीव सर्व्हरवर गेलं. तिथं त्याला ध्वनिमुद्रणांच्या डिस्कशेजारी एक मोकळी डिस्क दिसली. एखादी मोलाची चीज ठेवायला यापेक्षा चांगली जागा कुठली? ती त्यानं आखली, तिला ‘जपून’ असं नाव दिलं. आणि त्याच क्षणी, दुसऱ्या दारानं शिरून, जे जपायचं होतं तेच पुसून टाकलं.

हे काम पुरावा नष्ट करणाऱ्याचं नव्हतं. तो आवाज वाचावा असं मनापासून वाटणाऱ्याचं होतं. वेनला तसं वाटायचं कारण नव्हतं. मार्लिसला होतं, पण यंत्राच्या पोटात शिरायची तिला विद्या नव्हती. ती फक्त कुणाला तरी विनवू शकत होती. सुट्टीच्या दिवशी, मागच्या दारानं येऊन.

एमेटचं टेबल रिकामं होतं. वेन म्हणाला, "मघाशी जोरी आली तेव्हाच निघून गेला. कोट न घालता."

६

तो फार लांब गेला नव्हता. खाडीच्या काठाला, होड्या उतरवायच्या उतारावर आपल्या ट्रकमध्ये बसला होता. इंजिन चालू, काचांवर धुकं. मी दार उघडून शेजारी जाऊन बसले. त्यानं हीटरचं तोंड माझ्याकडे वळवलं. असा माणूस.

"जोरीनं सांगितलं?" त्यानं विचारलं.

"तिनं अर्धं सांगितलं. उरलेलं तू सांग."

त्यानं बाहीनं समोरची काच पुसली. दूर बर्फावर मासे पकडणाऱ्यांच्या झोपड्या ठिपक्यांसारख्या दिसत होत्या.

"मार्लिस आली होती," तो म्हणाला. "म्हणाली, एमेट, टेसच्या वकिलाचं पत्र आलंय, वेन घाबरलाय, त्या कॉलला काही होऊ देऊ नकोस. सुट्या कॉलची प्रत काढायची परवानगी फक्त वेनला आहे. मी म्हटलं, तू घरी जा, मी बघतो. तिनं मला दुसरं काही सांगितलं नाही. पुढचं सगळं माझं."

"मोकळी डिस्क दिसली तुला."

"मला वाटलं जोरीनं जास्तीची ठेवली असेल. मी काही स्टोरेजचा माणूस नाही हो. मी प्रिंटर दुरुस्त करतो, शेरिफच्या माणसांचे पासवर्ड बदलून देतो. यंत्रानं विचारलं होतं." त्याचा आवाज चिरकला. "ते फार वाईट आहे. यंत्रानं विचारलं होतं मला, यावर आधीचं काहीतरी आहे, पुसू का? मला वाटलं कारखान्यातलं काही उरलं असेल. मी ‘हो’ लिहिलं."

"मग?"

"मग ग्रँटच्या कॉलची प्रत तिथं उतरवायला गेलो. यादीत नाव दिसत होतं. तारीख, सगळं. पण उघडेना. दुसरा उघडला, तोही उघडेना. म्हटलं, सर्व्हर थकला असेल, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डर बंद पडला. मी सर्व्हर परत चालू केला, आणि दोन्ही डिस्कवर मी दिलेलं नाव होतं. दोन्हींवर."

त्यानं दोन्ही तळवे चेहऱ्यावर दाबले.

"तेव्हा कळलं. पुस्तक काढून बसलो, मल्टिपाथ चालू केलं. जसं काही आता त्याचा उपयोग होता. नवे कॉल अडगळीतल्या एका जुन्या रेकॉर्डरवर वळवले आणि त्या डिस्कवर परत एक अक्षर लिहिलं नाही. ते नावसुद्धा पुसलं नाही. वाटलं, कुणी हुशार माणूस येईल, काहीतरी परत काढेल. आपण आणखी काही बिघडवू नये."

"आणि टेससमोर बसून ती कोरी यादी उघडलीस."

"हो."

"आणि वेननं मार्लिसला निलंबित करून घरी पाठवलं, तेव्हा?"

तो बोलला ते इतकं हळू, की मला वाकावं लागलं.

"पहिल्या दिवशी भीती वाटत होती. उद्या सांगू म्हटलं. मग लाज वाटायला लागली. भीती एक वेळ सोसते, आर्डिस. लाज रोज वाढते. रोज ठरवायचो, आज सांगायचं. रोज वेनच्या दारापर्यंत जायचो आणि विचारायचो, प्रिंटर नीट चाललाय ना?"

मी त्याला म्हटलं, "मार्लिसनं तुझं नाव घेतलं नाही माझ्यापाशी. हातमोजे विसरले म्हणाली. तिला वाटलं, नियम मोडून प्रत काढायला सांगितली हे कळलं तर तुझी नोकरी जाईल. ती तुला वाचवत होती."

हे मी सांगायला नको होतं. आजही वाटतं, ते त्याला दुसऱ्या कुणी, दुसऱ्या एखाद्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून असा रडला, की काठावरनं कुत्रा घेऊन चाललेला म्हातारा थांबून बघायला लागला.

७

प्रयोगशाळेचं उत्तर जोरीच्या अंदाजाप्रमाणेच आलं. काहीही परत मिळणार नव्हतं.

एमेटनं लेखी जबाब दिला आणि राजीनामाही. सरकारी वकिलांनी पुरावा नष्ट केल्याचा आरोप ठेवला नाही, घडलेलं दडवून ठेवल्याचा ठेवला. तो त्यानं कबूल केला. वेननं मार्लिसला स्वतः फोन करून कामावर बोलावलं. ती म्हणाली, विचार करते. जोरीनं मला सांगितलं की तिनं यंत्रणा बांधून दिलेल्या प्रत्येक गावात ती स्वखर्चानं जाऊन ती एक ओळ तपासून येतेय. सगळीकडे होती म्हणे. फक्त सिस्को बेलाच नव्हती.

माझ्या अहवालात कुणाचं काय राहून गेलं ते सगळं आलं. ग्रँट कुठला दिवा म्हणाला, ते मात्र मी लिहू शकले नाही.

मार्लिस एमेटला भेटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "गेले होते. डबा घेऊन गेले होते. दारात उभी राहिले आणि तसाच परत आणला. रागावलेय म्हणून नाही गं. काय बोलायचं तेच सुचेना. पुन्हा जाईन." ती पुन्हा गेली की नाही ते मला ठाऊक नाही.

अहवाल द्यायला मी टेसच्या घरी गेले. तिनं उभ्या उभ्या तो वाचला. तांत्रिक पानं उलटली, एमेटचा जबाब मात्र परत वाचला.

"म्हणजे कुणीच वाईट नव्हतं," ती म्हणाली. "एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं ना, कुणीतरी वाईट असतं तर."

"हो," मी म्हटलं.

"ती बाई म्हणते, शेवटपर्यंत त्याच्याशी बोलत होती?"

"हो."

टेसनं कोट घातला. "मला तिच्याकडे घेऊन चला."

मी तिला बजावलं, वकिलाला विचारा आधी. ती म्हणाली, वकिलाचा नवरा नाही बुडाला.

मार्लिसनं दार उघडलं आणि टेसला बघून एक पाऊल मागे सरली. दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या. या वेळी मार्लिस बसली. मी खिडकीपाशी उभी राहिले. कॉफी कुणी ओतली नाही.

"मी भांडायला आले नाही," टेस म्हणाली. "तो दिवा कुठला म्हणाला ते मला सांगू नकोस. ते मी तुझ्याकडून ऐकून घेणार नाही, आणि तूही मला पटवू शकणार नाहीस. त्याच्यानंतर काय म्हणाला ते सांग. सगळं. त्याच्याच शब्दांत."

मार्लिसनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. डिस्पॅचरचा आवाज असतो, सपाट, न थरथरणारा, त्या आवाजात ती सांगू लागली.

"तो म्हणाला, माझे हात गेलेत, फोन खांद्यानं धरलाय. मी म्हटलं, बोलत रहा, ग्रँट, पथक निघालंय. तो म्हणाला, टेसला आत्ताच फोन करू नका, ती छतावरचा बर्फ काढत असेल, घाईघाईनं उतरेल आणि घसरेल. मी म्हटलं, नाही करत. मग तो म्हणाला, तिला किती सांगितलं शिडी नीट टेकव, ऐकत नाही. मग थोडं हसला. मग मी त्याला नाव विचारत राहिले, तो नाव सांगत राहिला. शेवटी नावाऐवजी नुसता ‘हं’ म्हणायचा. मग तेही थांबलं. पथक पोचून मला सांगेपर्यंत मी फोन ठेवला नाही."

टेस हलली नव्हती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी छतावरच होते," ती म्हणाली.

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी खडखडत गेली. मग टेसनं खुर्ची थोडी पुढे ओढली.

"तो हसला म्हणालीस," ती म्हणाली. "कसा हसला?"

मार्लिसनं डोळे मिटले. केवढा तरी वेळ ती आठवत राहिली. ओठ हलवून, श्वास आत घेऊन तिनं दोनदा करून बघितलं. मग डोळे उघडून तिनं मान हलवली.

"मला येत नाही," ती म्हणाली. "मला नाही येत, टेस."